खाली राहिलेला बाण

दुर्गेश्वरी रहांगडाले ही बाई रागीट आहे, असं सडक अर्जुनीच्या बसस्टँडवर कोणीही सांगेल. फळवाला सांगेल, कंडक्टर सांगेल, झेरॉक्सवाला तर कामधंदा सोडून सांगेल. पण ती कशावर रागावते हे विचारलं की मंडळी इकडंतिकडं बघायला लागतात. तिला उगाच बदनाम करणाऱ्यांचा मलाही राग आहे, तेव्हा तिची हकीकत नीट सांगतो.

ती तिरोड्याकडची. घराच्या मागल्या बाजूला वीज केंद्राच्या उंच चिमण्या आणि पुढल्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, अशा गावात वाढली. वडील गोवर्धन रहांगडाले स्वतःची जमीन कसतात, आई नंदाबाई घर सांभाळून रोवणीला बांधीत उतरते. घरात दुर्गेश्वरीचं नाव ‘काऊनबाई’ पडलं होतं. आपल्याकडं ‘का’ ला ‘काऊन’ म्हणतात, आणि या पोरीच्या तोंडी दिवसभर तेवढा एकच शब्द असायचा. बांधीत पाणी साचवतात ते काऊन, मीठ विरघळते ते काऊन, भाऊ शहरात शिकणार आणि मी नाही ते काऊन. आई हसायची, वडील शेवटच्या प्रश्नाला उत्तर सापडेना म्हणून तिलाही शिकायला पाठवून मोकळे झाले.

शाळेत मात्र काऊनबाईचे हाल झाले. विज्ञानाचे सर म्हणायचे, पुस्तकात आहे ते पाठ कर. तिनं पाठ केलं आणि मनातल्या मनात चरफडत राहिली. गोंदियाच्या कॉलेजात गेली तेव्हा कुठं तिला आवर्तसारणी खरी भेटली. शाळेत ती नुसत्या चौकटींची जाळी होती, पाठ करून विसरायची. इथं तिला कळलं की शंभरावर मूलद्रव्यांचे स्वभाव एकेक करून घोकायचे नसतात. कोणतं कुठं बसलं आहे तेवढं बघायचं. एका ओळीत उजवीकडं गेलं की अणू लहान होत जातो, कारण मधल्या केंद्रकाची ओढ वाढते आणि कवचं मात्र तेवढीच राहतात. एका गणात वरून खाली उतरलं की अणू मोठा होत जातो, कारण दर पायरीला बाहेरून एक कवच चढतं. मग कोण आपला इलेक्ट्रॉन सहज सोडेल आणि कोण दुसऱ्याचा ओढून घेईल, हे जागेवरूनच सांगता येतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या ‘काऊन’ला उत्तर दिलं होतं. त्या दिवशी ती होस्टेलवर जेवायची विसरली.

पुढं बी.एड. झालं आणि कोहमाऱ्याहून नवेगाव बांधकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खासगी संस्थेच्या हायस्कुलात ती शिक्षण सेवक म्हणून लागली, राहायला सडक अर्जुनीत खोली केली. तीन वर्षं सेवकाची, मग संस्थेनं मनावर घेतलं तर कायम. ही गोष्ट तिच्या तिसऱ्या वर्षातली आहे.

शिकवायची ती जीव ओतून. एकच खोड होती. पोरं जंगलपट्ट्यातल्या टोल्यांवरची, म्हणजे लहान वाड्यांवरची, झाडीबोलीत बोलणारी. ‘अणूचा आकार वाढते’ असं कोणी म्हटलं की ती तिथल्या तिथं थांबवायची: वाढते नाही, वाढतो. बोर्डाचे पेपर तपासणारा कुठल्या गावचा निघेल कोण जाणे, त्याच्या हाती आपल्या पोरांचा एकही गुण जायला नको, एवढाच तिचा हिशेब. स्वतः तिनं गावाची बोली कॉलेजातच सोडली होती. पोरं बिचारी वर्गात ‘वाढतो’ म्हणायची आणि बाहेर आली की पुन्हा ‘वाढते’.

दहावीत मंगली कुंभरे नावाची मुलगी होती. तिचा टोला जंगलाच्या आत, शाळेपासून सगळ्यांत लांब. आईबाप शेती करून मोहफुलं, तेंदूपत्ता गोळा करणारे. मंगलीचा आवाज खणखणीत होता आणि ‘वाढते’ तिच्या जिभेवरून कधी हलत नसे. दुर्गेश्वरी तिला सगळ्यांत जास्त टोकायची आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त जीव लावायची.

त्या वर्षी संस्थेनं शाळेच्या भिंती रंगवायचं काढलं. मुख्याध्यापक भोजराज सर इतिहासाचे. त्यांना रस्त्याकडच्या भिंतीवर इथल्याच, जवळच्या प्रतापगडाचा डोंगर आणि पुढं वाघ हवा होता. दुर्गेश्वरीनं हट्टानं ती भिंत आवर्तसारणीसाठी मागून घेतली, वाघ मुतारीकडच्या भिंतीवर गेला. गोंदियाहून विक्की पेंटर आला. हा माणूस ट्रकांच्या मागं गुलाब आणि ढाब्यांवर तंदुरी कोंबड्या काढणारा, पण हात असा सफाईदार की चौकट न् चौकट त्यानं ओळंब्यात बसवली. सारणीच्या बाजूला दोन बाण काढायचे होते. एक आडवा, डावीकडून उजवीकडं, त्यात ‘आकार घटतो’. एक उभा, वरून खाली, त्यात ‘आकार वाढतो’. कच्च्या चित्रात दोन्ही बाण होते. आडव्यातले शब्द तिनं लिहून दिले, उभ्यातले राहून गेले, आणि तेवढ्यात तिला प्रशिक्षणासाठी गोंदियाला बोलावणं आलं.

ती बसमध्ये असताना विक्कीचा फोन आला. आडवा बाण झाला होता, उभ्यात काय लिहायचं, असं तो हिंदीत विचारत होता. बस नेमकी मुरदोलीच्या जंगलात शिरली होती. ‘तो खाली...’ ती ओरडून म्हणाली, ‘विक्कीभाऊ, तो खाली...’ आणि रेंज गेली. खाली जाणारा बाण आहे, त्यात वाढतो लिहा, असं तिला सांगायचं होतं. पण विक्की पडला गोंदियाचा, हिंदीत वाढलेला. त्याच्या लेखी खाली म्हणजे रिकामं. खाली खुर्ची, खाली टंकी. मॅडम दोनदा ओरडून म्हणतात खाली, म्हणजे तीर खालीच ठेवायचा आहे, असं समजून त्यानं तो रिकामा ठेवला, आणि रेंज आल्यावर तिनं फोन लावला तेव्हा ‘समझ गया मॅडम’ एवढंच म्हणाला. तिच्या गावात ‘खाली’ कोणी म्हणत नाही, ‘खालते’ म्हणतात. ती गावच्यासारखं ‘खालते’ म्हणाली असती तर विक्कीनं निदान परत फोन तरी केला असता. पण ती शुद्ध बोलणारी बाई झाली होती.

इथवर जे झालं त्यात कोणाचा दोष नव्हता. दोष पुढं सुरू होतो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भोजराज सर भिंत बघायला आले. त्यांना रिकामा बाण खटकला. दुर्गेश्वरीला एक फोन लावता आला असता, कपाटातलं विज्ञानाचं पुस्तक उघडता आलं असतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. आडव्या बाणात आहे तेच उभ्यातही टाक, म्हणजे जोडी दिसेल, असं त्यांनी विक्कीला फर्मावलं. विक्कीनं टाकलं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या हस्ते भिंतीचं उद्घाटन झालं, शेजारी त्यांच्या नावाची संगमरवरी फरशी बसली, आणि पेपरात फोटो आला. फोटोत अध्यक्षसाहेबांच्या डोक्यामागं उभा बाण स्पष्ट दिसत होता: आकार घटतो.

प्रशिक्षणाहून परतल्यावर दुर्गेश्वरी भिंतीसमोर उभी राहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिथियम मोठा आणि त्याच्या खालचा पोटॅशियम लहान, असं तिच्या शाळेची भिंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. ती तशीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. एक शब्द बदलायचा आहे, ब्रश मी आणते, रंग मी आणते, तुम्ही फक्त हो म्हणा. भोजराज सरांनी आधी चूक तुमचीच असं सुनावलं, फोनवर काय बोललात ते पेंटर सांगून गेला म्हणाले. ते तिनं मान्य केलं. मग त्यांनी खरं कारण काढलं.

‘मॅडम, पेपरात फोटो येऊन गेला आहे. आता भिंत बदलली तर फोटो खोटा पडते ना.’

हे वाक्य त्या खोलीत एका शिकलेल्या माणसानं दुसऱ्या शिकलेल्या माणसाला, जराही न हसता, सांगितलं. फोटो खोटा पडू नये म्हणून अणूनं लहान व्हावं! दुर्गेश्वरी अध्यक्षसाहेबांकडंही गेली. त्यांनी चहा पाजला, पुढच्या वेळी रंगकाम निघेल तेव्हा बघू म्हणाले, आणि जाता जाता तिला कायम करण्याचा विषय संस्थेच्या बैठकीत येणार आहे याची गोड आठवण करून दिली. धमकी द्यायची ही आपल्याकडची सभ्य रीत आहे.

ती गप्प बसली. हे सांगताना मलाही वाईट वाटतं, पण बसली. घरी वडिलांचे गुडघे गेले होते, भावाचं अजून कशात काही नव्हतं, आणि ही नोकरी पक्की होणार म्हणून नंदाबाईनं नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं. वर्गात ती बरोबर शिकवायची आणि वर्ग सुटला की पोरं भिंतीसमोरून घरी जायची. रोज बघून बघून भिंतच डोक्यात बसली. घटक चाचणीत तिनं लिथियम आणि पोटॅशियममध्ये मोठा कोण, असं विचारलं, तर अर्ध्या वर्गानं लिथियम लिहिलं. हिमांशूनं तर कारण म्हणून लिहिलं होतं: शाळेच्या भिंतीवर दिले आहे. तिनं सगळ्यांचे गुण कापले.

दुसऱ्या दिवशी हिमांशूचे वडील यादोराव शाळेत आले. भांडायला आले नव्हते, हात जोडूनच उभे राहिले. ‘मॅडम, भितीवर लिवून आहे तेच पोट्ट्यानं लिवलन,’ ते म्हणाले. ‘मंग तुमी मार्क काऊन कापले? शाळेची भीत खोटी बोलन का?’

तिचाच लहानपणचा शब्द तिच्यासमोर हात जोडून उभा होता. शेजारी भोजराज सर बसले होते आणि खिडकीतून बाहेर बघत होते. तिला ओरडावंसं वाटलं की हो, खोटी बोलते, आणि बोलायला लावणारा हा इथं बसला आहे. ती म्हणाली, मी वर्गात परत समजावून सांगते. त्या संध्याकाळी स्वतःचाच तिला एवढा राग आला की खोलीवर आल्यावर तिनं भांडी आपटून आपटून घासली.

मग तिनं शब्दाप्रमाणे परत समजावलं. वर्गाला मैदानात नेलं. मधे दोन पोरं उभी केली, ते केंद्रक. भोवती हात धरून एक फेरा केला, ते कवच. मधल्या दोघांच्या जागी चौघं उभे केले, त्यांच्या हाती दोर देऊन फेऱ्यातल्यांना ओढायला लावलं. ओढणारे वाढले, फेरा तेवढाच, तेव्हा फेरा आत सरकला आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. आडवा बाण. मग तिनं त्या फेऱ्याबाहेर दुसरा फेरा केला, त्याच्या बाहेर तिसरा. आता बाहेरच्या फेऱ्याला मैदानाचं कुंपण लागलं. उभा बाण. मधल्यांना तिनं हाका मारायला सांगितल्या, आणि बाहेरच्यांना विचारलं, ऐकू येतं का. मधल्या दोन फेऱ्यांत एवढा कल्ला चालला होता की विचारायला नको. सगळ्यांत बाहेर, कुंपणाला पाठ लावून, मंगली उभी होती.

‘मॅडम, आमाले त मधल्याचा आवाजच नाई येऊन राहिला,’ ती ओरडली. ‘आमी पळून गेलो तरी त्यायले मालूम नाई पडणार.’

दुर्गेश्वरी हे पुस्तकातून कितीदा शिकली आणि शिकवत आली होती की बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब पडतो, मधली कवचं आड येतात, म्हणून तो सहज निसटतो. पण कुंपणाजवळच्या त्या पोरीचं बोलणं तिला फार लागलं. ‘नाई येऊन राहिला नाही, येत नाही,’ असं टोकायचं त्या दिवशी तिच्याकडून राहून गेलं. पुढच्या चाचणीत पोटॅशियम सगळ्या वर्गाला मोठा सापडला. भिंत मात्र तशीच होती, आणि पोरांना आता भिंत खोटी आहे हे माहीत झालं होतं. मॅडम त्याबद्दल काही बोलत नाहीत हेही त्यांनी पाहिलं होतं.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. मांडव भिंतीसमोरच घातला होता, अध्यक्षसाहेबांना आपली फरशी दिसावी म्हणून. कार्यक्रमात एक विषय भोजराज सरांनी परस्पर घातला: विद्यार्थिनी भिंतीवरून आवर्तसारणी समजावून सांगेल. आवाज पोचतो म्हणून मंगलीला निवडलं होतं. दुर्गेश्वरीला हे मांडवात बसल्यावर कळलं. तिला धास्ती वाटली ती वेगळीच. ही पोरगी सगळ्यांसमोर खरं सांगून मोकळी होणार, बैठक आठवड्यावर आलेली, आपलं आता काही खरं नाही. तरी आतून कुठंतरी तिला बरंही वाटत होतं, की आपण नाही बोललो तर निदान ती तरी बोलेल.

मंगली नवी रिबीन बांधून, हातात छडी घेऊन भिंतीपाशी उभी राहिली. आडवा बाण तिनं बरोबर सांगितला. मग छडी उभ्या बाणावर नेली आणि खाली मान घालून म्हणाली:

‘गणात वरून खाली जाताना अणूचा आकार घटतो.’

घटतो. घटते नाही. शाळेत आल्यापासून मंगलीच्या तोंडून इतकं शुद्ध वाक्य कधी निघालं नव्हतं. अध्यक्षसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, मागून सगळ्या मांडवानं वाजवल्या. दहावीची पोरं तेवढी वाजवत नव्हती. मंगली छडी ठेवून खाली उतरली, ती सरळ कनातीच्या मागं गेली. दुर्गेश्वरी उठून तिच्यामागं गेली आणि तिनं पोरीचे खांदे धरले. कित्येक वर्षांत न वापरलेला शब्द तिच्या तोंडून निघाला.

‘काऊन, मंगली?’

मंगली रडत होती. ‘मले मालूम आहे मॅडम, वाढते मनून,’ ती म्हणाली. ‘पण सर मनत होते, खरं सांगशीन त मॅडमची नोकरी जाईन. तुमी नोका जाऊ.’

आजवर दुर्गेश्वरीला पुष्कळदा राग आला होता. हा तसला नव्हता. एका मुख्याध्यापकानं एका लेकराला बाजूला घेऊन, त्याच्या मायेचाच फास करून, त्याला खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि तेही शाळेत, जिथं त्याला खरं शिकायला पाठवलं होतं. आणि ते खोटं कोणाच्या नावानं? तिच्या. तिच्या पगाराच्या, तिच्या गप्प बसण्याच्या नावानं. ती मांडवात आली. सूत्रसंचालन करणारा मुलगा पुढच्या नाचाचं नाव पुकारत होता, त्याच्या हातून तिनं माइक घेतला.

‘भिंतीवरचा उभा बाण चूक आहे,’ ती म्हणाली. ‘मंगली चुकलेली नाही. माझी नोकरी जाईल अशी भीती घालून तिला खोटं बोलायला लावलं. ज्या नोकरीसाठी लेकराला खोटं बोलावं लागतं, ती मला नको. यादोरावभाऊ, तुम्ही विचारलं होतं, शाळेची भिंत खोटी बोलेल का. बोलते. मी त्या दिवशी सांगायला हवं होतं.’

अध्यक्षसाहेबांनी मोबाइल काढून त्यात बघायला सुरुवात केली. भोजराज सरांनी मंडपवाल्याला खूण केली आणि नाचाचं गाणं मोठ्यानं सुरू झालं. एवढंच झालं. कोणी तिच्या बाजूनं उठलं नाही, फक्त मागच्या रांगेत यादोराव टोपी काढून गाणं संपेपर्यंत उभे राहिले.

बैठकीत तिचा विषय आला नाही. संस्थेची दुसरी शाळा प्रतापगडच्या बाजूला आहे, तिथं तिला तासिकेवर घेतलं, म्हणजे तास झाला तर पैसे, नाही तर नाही. नंदाबाईनं नातेवाइकांत काय सांगितलं ते नंदाबाईलाच ठाऊक. सडक अर्जुनीतली खोली मात्र तिनं सोडली नाही. भांडायचं तर तालुक्याला राहायला हवं, असं ती म्हणते. शिक्षण खात्याकडं तिची तक्रार गेली आहे आणि ती मागं घ्यायची नाही असं तिनं ठरवलं आहे. बसस्टँडवर लोक सांगतात, बाई फार रागीट आहे.

आणि भिंत? चूक दुरुस्त केली तर ती झाली होती असं कबूल होतं, म्हणून भोजराज सरांनी दुरुस्त केली नाही. उभ्या बाणातले शब्द तेवढे पांढऱ्या रंगानं पुसून टाकले. विक्की पेंटरनं पहिल्यांदा ठेवला होता तसाच तो आता खाली आहे.

नव्या शाळेत जायची तिची बस जुन्या शाळेवरूनच जाते. परवा गतिरोधकावर बस हळू झाली तेव्हा तिनं खिडकीतून बघितलं. पांढऱ्या रंगावर कोणीतरी कोळशानं, लांबून दिसेल अशा ठसठशीत अक्षरात, लिहून ठेवलं होतं: आकार वाढते. खाली जुन्या पुसलेल्या कोळशाचे डाग होते. म्हणजे शाळा ते पुसत होती आणि पोरं परत लिहीत होती.

‘वाढते नाही, वाढतो,’ हे सवयीनं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं, आणि बस भिंतीपुढून निघून जाईपर्यंत मान वळवून ती बघत राहिली.